उत्तरासाठी सोडलेली जागा

आठवड्यातून दोन गिऱ्हाइकं तरी हीच तक्रार घेऊन येतात. गाणं लागतं, पण गायक गायब.

मी कोर्स केलेला नाही. फोनवर व्हिडिओ बघून शिकलो, केरळात तिरूर स्टेशनासमोर बेकरीच्या वर दुकान टाकलं. पण हे सोपं आहे. हेडफोनची पिन अर्धवट बसली की दोन्ही कानांतले आवाज एकमेकांतून वजा होतात. गायक दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तो उडतो. वाद्यं थोडी इकडे, थोडी तिकडे, ती उरतात. पिन आत ढकलायची, झालं.

मंगळवारी दुपारी नबीसा इत्ता आल्या. इत्ता म्हणजे आमच्याकडे ताई. सत्तरीच्या असतील. मुलाचा जुना लॅपटॉप आणि हेडफोन पिशवीत.

"फवास, यातला माणूस गेलाय," त्या म्हणाल्या. "दुसरंच कोणीतरी राहिलंय."

माणूस म्हणजे त्यांचे यजमान, सैदलवी. सौदीत दमामला गवंडीकाम करायचे. तेव्हा तिकडून पत्राऐवजी कॅसेट यायची. बोलणारा प्रश्न विचारून थोडा थांबायचा, आणि इकडे बायको त्या जागेत उत्तर द्यायची. ऐकणारं कोणी नाही हे माहीत असून. आमची उम्मा, म्हणजे आई, तीपण द्यायची. सैदलवींची शेवटची कॅसेट मुलाने लॅपटॉपवर उतरवली होती.

आधी मी फाइलची कॉपी माझ्या कॉम्प्युटरवर घेतली. माझी सवय आहे ती. मग पिन आत ढकलली आणि शेवट ऐकला.

"नबीसा, आता येऊ, की अजून दोन वर्षं राहू?" थोडी जागा. मग, "बरं. राहतो मग." फाइल संपली.

"आला की माणूस," मी म्हटलं.

"पिन परत बाहेर काढ. तू स्वतः ऐक."

मी अर्धवट काढली. ही फाइल एकाच माइकवर भरलेली, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. सारख्यातून सारखं गेलं की शून्य उरतं.

सैदलवी गेले. खरखरही गेली. आणि त्या जागेत एक बाई बोलली. तरुण आवाज, मागे स्टोव्हची घरघर.

"छप्पर राहिलंय अजून. राहा दोन वर्षं."

मी हेडफोन काढला.

"मीच ती," इत्ता म्हणाल्या. "स्वयंपाकघरात बोलले होते. एकटीच. मग लाज वाटली, पत्रात 'या' असं लिहिलं. पत्र पोचायच्या आत त्यांनी काम वाढवून घेतलं. दुसऱ्या वर्षी तिकडेच वारले."

खालून सुलेमानी चहा आला होता. त्यांनी ग्लासला हात लावला नाही.

"प्रश्नापासून परत लाव. मला उत्तर द्यायचंय."

"इत्ता, या हेडफोनला माइकच नाहीये."

"माझ्या स्वयंपाकघरात तरी कुठे होता?"

मी पिन आत ढकलून लावलं. त्यांच्या कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले. जागा आली तशा त्या जोरात म्हणाल्या, "या तुम्ही. छप्पर गेलं उडत."

"इत्ता, हळू," मी म्हटलं. "खाली बेकरीत ऐकू जाईल."

त्या हसल्या. पहिल्यांदाच. मग गार झालेला चहा उभ्यानेच प्यायल्या, लॅपटॉप पिशवीत घातला. "आता पिन नीट बसव, असं मुलाला सांगते," म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.

दुकानात ऊन होतं. स्टेशनवर गाडीची घोषणा चालू होती. मी माझ्याकडची कॉपी उघडली. ती इत्ता बोलायच्या आधी घेतलेली, दुसऱ्या मशीनवर. माझ्या हेडफोनची पिन स्वतःच्या हाताने बसवली. टक्क असा आवाज झाला.

"नबीसा, आता येऊ, की अजून दोन वर्षं राहू?"

जागा.

"बरं. निघतो मग."

मी थोडं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. निघतो.

फाइल तिथे संपली नाही.

"तुझ्याजवळ कोण बोललं?" सैदलवींनी विचारलं.

पुढे त्यांनी जागा सोडली आहे. फाइल अजून चालू आहे. मी उत्तर दिलेलं नाही.