ते हसू गायकाचं नव्हतं

माईक लावायला आलेला माणूस इतका गडबडला होता, की चिमटा तिच्या कॉलरऐवजी त्याच्याच बाहीला लागला. तो वळला, वायर ताणली, आणि काउंटरवरचा आरसा आडवा झाला. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी ही पोरगी, उगाच दात काढणारी नव्हे... पण खुदकन हसली.

"हसा, हसा. आवाजवाल्याकडे एरवी कोण बघतंय!"

शेजारच्या सायकलवाल्याचा मुलगा टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत पुढे गेला होता, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलतं करणं चाललं होतं. "लहानपणापासून छान गातो हो," एवढं ती बोलली. संपलं.

पण आवाजवाला चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून पुन्हा आला. मग पुन्हा.

"घरी बसून पिळता की काय ती?"

"पिळावी लागते... तुमचं दुकान माझ्या वाटेवर कुठाय?"

तिने मान खाली घालून स्क्रू आवळला. जरा सैलच ठेवला.

रविवारी कार्यक्रम लागला. गायक डोळे मिटून प्रेमाचं गाणं म्हणतोय, आणि मधेच ही — खुदकन हसताना, गाल लाल! दुसऱ्या दिवशी गायकाची आई मागणी घालायला दारात. गायक बिचारा लाजून चूर. त्यालाही ते खरंच वाटलेलं. होकाराचं चित्रण करायला कार्यक्रमवाले गुरुवारी येणार, हेही ठरून गेलं.

"आई, मी त्याच्याकडे बघून हसलेच नाही गं!"

"मग आख्ख्या गल्लीला दिसलं ते काय भूत होतं? नाटक नाही ते, खऱ्या माणसांचा कार्यक्रम आहे!"

संध्याकाळी आवाजवाला आला, तेव्हा तिने त्याला दारातच धरलं. "तुमच्या या कार्यक्रमाला म्हणायचं तरी काय? बातम्या की नाटक?"

"दोन्ही नाही. माणसं खरी, हसू खरं, रडूही खरं. कुठलं हसू कुठल्या गाण्याला जोडायचं, ते मात्र आम्ही ठरवतो."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मला वाटलं... तुम्हाला खरंच तो—"

"दगड आहात नुसते!"

गुरुवारी दिवे लागले. आई नवी साडी नेसून बसली. दिग्दर्शक म्हणाला, "ताई, फक्त 'हो' म्हणायचं."

पोरगी गायकाकडे वळली. "दादा —"

दादा म्हटल्यावर त्या शहाण्या मुलाला पुढचं सगळं कळलं.

"गाणं तुझं गोडच आहे. पण मी हसले ते या आवाजवाल्याला. त्याने विचारलं, तर हो म्हणेन."

आईने कपाळावर हात मारला. गायक उठला, आवाजवाल्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "विचार की आता, बाबा!"

"झकास!" दिग्दर्शक ओरडला. "ताई, हेच परत एकदा, जरा खिडकीकडे बघून!"

आवाजवाल्याने कानावरचे हेडफोन काढले, यंत्र बंद केलं आणि सगळ्यांसमोर तिच्याजवळ जाऊन कानात काहीतरी म्हणाला. तिने मान डोलावली.

काय म्हणाला ते आई लग्नाआधी विचारत होती, लग्नानंतरही विचारते. पोरगी ताकास तूर लागू देत नाही.