भिंतीपलीकडचं अंगण

पटो न पटो, हे घडलंय. बेरिलने स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून मला सांगितलं, आणि बेरिल थापा मारणाऱ्यातली नाही. फेब्रुवारीतला रविवार. दुपारच्या चहाची वेळ. जागा म्हणजे डर्बीशरमधल्या आमच्या गावातलं तिच्या वहिनीचं, एनिडचं घर.

बेरिलचा भाऊ क्लिफर्ड पानगळीत गेला. शेवटचे महिने तो पुढच्या खोलीत अंथरुणाला खिळून होता.

तो गेला, तरी एनिड रडली नाही. बोलायची, कपबश्या विसळायची, बेल वाजली की दार उघडायची...

पण आत कुणी नसल्यासारखी.

हाताला काही चाळा असावा म्हणून बेरिलने चर्चमधल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून तिला तुकडे जुळवून चित्र करायचं एक कोडं, जिगसॉ, आणून दिलं. चित्र गावातल्याच जुन्या वर्कहाऊसचं. ज्यांच्या पोटाला नाही, ज्यांना कुणी नाही, ते शेवटी तिथे जात. नवरा-बायकोची ताटातूट दारातच व्हायची. पुरुष एका अंगणात, बायका दुसऱ्या. मध्ये उंच भिंत. ती इमारत कधीच पाडली. आता तिथे गाड्या लावतात.

"असलं भकास चित्र कशाला आणलंस?" एनिड म्हणाली.

"मांजरीच्या पिल्लांचं संपलं होतं गं."

एनिड हसली नाही.

त्या रविवारी बेरिल आली, तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोडं जवळजवळ पूर्ण झालं होतं. बाजूला टोस्ट सुकून पडला होता.

"जेवलीस का?"

"बहुतेक."

बेरिलने वाकून चित्र पाहिलं. बायकांच्या अंगणात बाकावर एक म्हातारी बसली होती. पट्ट्यापट्ट्यांचा झगा. तोंड भिंतीकडे.

बेरिलने सहज खोक्याचं झाकण उचललं.

झाकणावरचं अंगण रिकामं होतं...

बाकसुद्धा नव्हतं.

"एनिड, ही कोण?"

"कालपासून आहे ती." पाऊस पडतोय म्हणावं तशी एनिड म्हणाली.

"छापताना घोळ झाला असेल."

"असेल."

तेवढ्यात पुढच्या खोलीतून आवाज आला.

टक्... टक्...

भिंतीवर चमचा वाजवल्यासारखा. हाक मारायचं त्राण उरलं नाही, तेव्हा क्लिफर्ड चहासाठी असाच चमचा वाजवायचा.

एनिड उठली. किटलीत पाणी भरलं.

"आले रे," ती म्हणाली.

बेरिल धावत पुढच्या खोलीत गेली. पलंग केव्हाच हलवला होता. गालिच्यावर पलंगाच्या पायांचे खड्डे तेवढे राहिले होते.

कुणी नव्हतं.

पण भिंतीपलीकडून आवाज येत होता... पावलांचा. पुष्कळ पावलं. जड बूट फरशीवर घासत जाणारी...

भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं. तिथे एकटी एनिड होती. पायात मऊ सपाता घातलेली.

बेरिल परत आली. एनिड टेबलापाशी बसली होती. हातात शेवटचा तुकडा. चित्रात एकच जागा रिकामी होती, मधल्या भिंतीत.

"हा बसवला की दार होतं," एनिड म्हणाली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. "क्लिफ पलीकडे उभा आहे. आम्हाला भेटूच देत नाहीत गं."

टक्... टक्...

बेरिल सांगते, त्या क्षणी तिलाही वाटलं, बसवू दे. एकदा दिसू दे माझा भाऊ.

मग तिची नजर अंगणाकडे गेली.

बाक रिकामं होतं.

म्हातारी भिंतीला टेकून उभी होती... तिच्या अंगात आता पट्ट्यांचा झगा नव्हता.

एनिडच्या अंगात होता तोच निळा स्वेटर होता.

बेरिलने दोन्ही हातांनी सगळं चित्र टेबलावरून खाली ढकललं. तुकडे घरभर उडाले.

ठोका अर्ध्यावर थांबला.

एनिड ओरडली नाही. टोस्टची उपडी पडलेली बशी तिने सरळ केली.

"तू दार लावून घेतलंस, बेरिल," एवढंच म्हणाली.

एनिड आता बेरिलकडे राहते. खाते, झोपते, टीव्हीसमोर बसते. रडली मात्र अजून नाही.

मी म्हणालो, "बेरिल, तू तिला वाचवलंस."

बेरिल हळूच म्हणाली, "हाक मलाही ऐकू आली होती रे. माझा भाऊ होता तो. तिला वाचवलं, की त्याला तिकडे एकट्याला ठेवलं?"