कडीतला हात

"मी नाही उघडणार ते दार," मुंगी म्हणाली. "मघाशी त्याने माझा हात धरला."

"कुणी?"

"दाराने."

टाचणीने डोक्यावरची गादी खाली टेकवली. तिच्या मागून दोन बादल्या आणि एक घडीची खुर्ची घेऊन येणारा घोरपड तिच्यावर आदळला, आणि बादल्या अंगणभर वाजत गेल्या.

ही नावं मावशीने ठेवलेली. टाचणी तेरा वर्षांची, अंगाने बारीक, बोलायला टोकदार. मुंगी तिची धाकटी बहीण, आठ वर्षांची. घोरपड त्यांचा मामेभाऊ, बारा वर्षांचा. कुठल्याही भिंतीवर चढायचा आणि एखादी गोष्ट धरली की सोडायचा नाही. मुलींची मावशी ती घोरपडीची आत्या. सुट्टीत तिघंही तिच्याकडे राहायला आली होती, आणि शुक्रवारी चौघं मिळून पेटाऱ्यातून निघणार होती.

पेटारा म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. पत्र्याचं, दोन चाकांचं, आत चार जणांची झोपायची सोय, शेगडी आणि एक छोटा फ्रिज. मावशी आणि काकांनी तो जुना घेतला होता. निवृत्त झाल्यावर फिरायचं, असा बेत. काका मागच्या वर्षी गेले. पेटारा मागच्या अंगणातून एकदाही बाहेर पडला नाही. मावशी वीस वर्षं लोकांना गाडी चालवायला आणि इंजिन उघडून बघायला शिकवत होती, त्यामुळे भीतीचा प्रश्न नव्हता. तरी निघायची तारीख तीनदा पुढे गेली होती, आणि का गेली ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

घोरपडीने पुढे होऊन कडी धरली. दार उघडलं. त्याने हात वर करून सगळ्या बाजूंनी दाखवला.

"हा बघ. पाचही बोटं शिल्लक आहेत."

"तुला नाही धरत," मुंगी म्हणाली. "मला धरतं. गार नाही, गरम नाही, नुसतं थरथरतं. म्हाताऱ्या माणसाने मनगट धरल्यासारखं."

टाचणी काहीतरी बोचरं बोलणार, एवढ्यात आतून आवाज आला. रिकाम्या पेटाऱ्यात कुणीतरी मोठा घुटका घेतला, जरा थांबलं, आणि खोल सुस्कारा सोडला.

काका पाणी अगदी असंच प्यायचे.

तिघंही थेट घरात पळाली. गादी अंगणातच राहिली.

स्वयंपाकघरात मामा चहा पीत बसला होता. घोरपडीचे बाबा. मामाचं दुकान तसबिरींच्या चौकटींचं, पण जगातलं कुठलंही काम त्याला येत होतं, निदान त्याच्या म्हणण्याप्रमाणे. "झालंच समज" हे त्याचं आवडतं वाक्य, आणि ते म्हटल्यावर काम व्हायला सरासरी चार महिने लागत. पेटाऱ्याची वीज त्याने अंगावर घेतली होती. नवी बॅटरी, नवे दिवे, उन्हाळ्यात फ्रिज तापू नये म्हणून त्याच्या पाठीमागे नवा पंखा, आणि घराच्या ओसरीतून पेटाऱ्यापर्यंत लांबलचक काळी वायर.

"दार हात धरतं?" मामा खदखदून हसला. "मी तीन आठवडे त्या दाराशी काम करतोय. मला नाही धरलं ते. माणूस बघून धरतं वाटतं."

"आणि आतला आवाज?"

"उद्या पाटेवाले येणार आहेत. त्यांना विचारा. ते भुतांच्या वयाचे आहेत."

मावशी मात्र हसली नाही. तिने मुंगीचं मनगट हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, आणि विचारलं, "कधी धरलं?"

"मघाशी. तू कुंड्यांना पाणी घातलंस त्याच्यानंतर."

"हं," मावशी म्हणाली, आणि चहाचे कप विसळायला उठली. ते रिकामे झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाटेवाले आजोबा आले. ट्रकांच्या चाकांवरचे लोखंडी पाटे बदलण्यात त्यांचा जन्म गेला होता. पेटाऱ्याकडे त्यांनी लांबूनच पाहिलं, डोकं वाकडं करून.

"डाव्या पायाने लंगडतोय," ते म्हणाले. "डावे पाटे पार बसलेत."

त्यांनी चाकांजवळचे लाकडी ठोकळे काढले, ओल्या मातीत लोखंडी जॅक रोवला आणि पेटारा उचलला. त्याच क्षणी घरात खटकन आवाज झाला आणि पंखे बंद पडले.

"मेन बोर्डावरचं बटण पडलं," मामा आतून ओरडला. "काही नाही, योगायोग."

बटण वर केलं, पुन्हा पडलं. शेवटी मामाने पेटाऱ्याची वायर काढून ठेवली तेव्हा ते थांबलं. पाटे बदलून, जॅक काढून, ठोकळे परत लावल्यावर वायर जोडली, तर काही झालं नाही. "बघितलंत? योगायोगच," मामा म्हणाला. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण असायचं, आणि एकाही कारणात तो स्वतः नसायचा.

पाटेवाल्यांनी फ्रिजवर पाण्याची बाटली आडवी ठेवली. ती गडगडली नाही.

"आता ऐका," ते मुलांना म्हणाले.

पाच मिनिटं गेली. घुटका नाही, सुस्कारा नाही.

"ह्या जातीच्या फ्रिजला मशीन नसतं. आतलं पाणी गरम होऊन आपोआप फिरतं. फ्रिज तिरका राहिला की ते मध्येच अडतं आणि गुरगुरतं. पाटे बसले म्हणून पेटारा कलला, पेटारा कलला म्हणून फ्रिज घुटके घेत होता. तुमचं भूत डाव्या पाट्यात होतं. उद्या येतो, नवे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात."

घोरपडीला हायसं वाटलं. टाचणीलाही. मुंगी तेवढी म्हणाली, "हा आवाजवाला गेला. हातवाला आहे अजून."

तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. आठ वर्षांच्या माणसाला ह्याची सवय असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मुंगीने टाचणीला हलवून उठवलं आणि खिडकीशी नेलं. खाली अंगणात मावशी कुंड्यांना पाणी घालत होती. अनवाणी. पेटाऱ्याच्या दाराभोवतीची माती काळी, ओली झाली होती. तिने झारी खाली ठेवली, पदर नीट केला आणि कडीवर हात ठेवला.

"लागली का झोप?" मावशी म्हणाली.

अंगणात दुसरं कुणी नव्हतं.

"शुक्रवारचं म्हणतायत सगळे. काय करू, सांगा."

तिने हात काढला नाही. दंड किंचित थरथरत होता. चेहरा मात्र शांत, कुणाच्या तरी शेजारी बसल्यासारखा. टाचणीने हातातला पडदा सोडला.

"तिलापण धरतं," मुंगी कुजबुजली. "पण ती सोडवून घेत नाही."

नाश्ता झाल्यावर टाचणीने दोघांना गच्चीवर नेलं आणि वहीत चार रकाने आखले.

"पहिला नियम, आता त्या पत्र्याला कुणीही हात लावायचा नाही. फक्त आठवायचं. कुणाला धरलं, पायात काय होतं, जमीन कशी होती."

"मला तीनदा," मुंगी म्हणाली. "तिन्ही वेळा अनवाणी. तिन्ही वेळा चिखल."

"मला कधीच नाही. बूट," घोरपड म्हणाला.

"मामाला नाही. रबरी तळाचे बूट, घरातसुद्धा घालतो. मावशीला रोज. अनवाणी, ओलं." टाचणी पेन्सिल चावत राहिली. "हे कसलं भूत? ह्याला चपलांची भीती वाटते."

"चौथा रकाना कशाचा?"

"वायर जोडलेली होती का."

घोरपड एकदम गप्प झाला. घोरपड गप्प होणं ही गोष्ट इतकी दुर्मीळ होती, की मुंगीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"बोल," टाचणी म्हणाली.

"बाबांच्या हत्यारांच्या पेटीत एक पिन आहे. पितळेची, जाड. कापलेली." तो खाली बघत होता. "तीन पिनांचा प्लग लावला की बोर्डावरचं बटण पडायचं. दिवसभर पडायचं. मग बाबांनी करवतीने तिसरी पिन कापली. म्हणाले, ती नुसती शोभेची. त्यानंतर बटण पडलं नाही. ते किती खूश होते."

टाचणीने वही मिटली. विज्ञानाच्या पुस्तकातलं ते चित्र तिने परीक्षेसाठी चारदा काढलं होतं. "तिसरी पिन म्हणजे जमिनीकडे जाणारी वाट. कुठेतरी वीज पत्र्यात गळतेय. वाट होती तोवर ती जमिनीत जायची आणि बटण पडून सांगायचं, गळती आहे. मामाने गळती नाही बुजवली. सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं. पेटारा लाकडी ठोकळ्यांवर आणि रबरी चाकांवर उभा. विजेला वाट नाही. ती थांबून राहते, कुणीतरी अनवाणी येऊन कडी धरेपर्यंत."

"आणि लोखंडी जॅक लावला तेव्हा," घोरपड हळूच म्हणाला, "जॅकमधून वाट मिळाली. म्हणून बटण पडलं."

"म्हणजे रोज सकाळी," मुंगी म्हणाली, "मावशी तिसरी पिन होते?"

टाचणीने वही काखेत मारली.

"सांगायला पाहिजे," टाचणी म्हणाली.

"सांग ना मग. जा. तिला सांग की काका नाहीयेत तिथे," घोरपड म्हणाला. "आणि माझ्या बाबांना सांग की त्यांनी आत्याला... तूच सांग."

"न सांगता शुक्रवारी निघालो तर? जिथे मुक्काम करू तिथल्या बोर्डावर असलं बटण असेलच असं नाही. आज नुसतं थरथरतंय."

घोरपडीने गच्चीच्या कठड्याचा एक पोपडा नखाने काढला, मग दुसरा. "नुसतं सांगून बाबा ऐकणार नाहीत," तो शेवटी म्हणाला. "ते ऐकत नाहीत. पण त्यांना शिकवायला फार आवडतं."

दुपारी पाटेवाले बोल्ट आवळायला आले. मावशी पायरीवर बसून त्यांच्याशी बोलत होती. घोरपड मामाला घेऊन ओसरीत आला. चेहरा इतका भोळा, की टाचणीला खोकला आला.

"बाबा, तो दिव्याचा पेचकस कसा वापरतात ते ह्यांना दाखवा ना. ह्यांच्या शाळेत नाही शिकवलेलं."

मामाने ताबडतोब खिशातून टेस्टर काढला. "सोपं आहे. टोक तिकडे, बोट मागच्या टोपणावर. हा बघा सॉकेट. दिवा लागला? म्हणजे वीज आहे. ही भिंत. नाही लागला. म्हणजे नाही."

"आणि पेटाऱ्याला?" मुंगीने विचारलं.

"त्याला कशाला असेल? तो काय सॉकेट आहे?" मामा ऐटीत अंगणात उतरला. "हे बघा, ही दाराची कडी."

टेस्टरमधला दिवा लागला.

भर दुपारी, पेटाऱ्याच्या सावलीत, तो लहानसा नारिंगी ठिपका सगळ्यांना दिसला. मामाने टेस्टर झटकला, पत्र्याला लावला. लागला. खिडकीच्या चौकटीला लावला. लागला. लाकडी ठोकळ्याला लावला, विझला.

"बिघडलाय," मामा म्हणाला.

घोरपड ओसरीत गेला आणि वायर सॉकेटमधून उपटली. "आता लावा, बाबा."

दिवा लागला नाही.

घोरपडीने मुठीतली पितळी पिन मामाच्या तळहातावर ठेवली. "मुंगीला तीनदा झटका बसलाय. आत्याला रोज सकाळी बसतोय. तुम्हाला नाही बसत, कारण तुमच्या पायात बूट आहेत."

मामाने पिनेकडे पाहिलं, मग बहिणीच्या अनवाणी पायांकडे. काहीतरी कारण सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो तिथेच उलट्या बादलीवर बसला. पाटेवाले पाना पुसत म्हणाले, "साहेब, माझ्या ओळखीच्या एक वायरमन बाई आहेत. आज चौकटींचं दुकान उघडा तुम्ही."

वायरमन बाईंनी फ्रिजच्या पाठीमागे डोकं घातलं आणि दहा मिनिटांत गळती शोधली. नव्या पंख्याचा एक स्क्रू वाजवीपेक्षा लांब होता. तो वायरच्या आवरणात शिरून पत्र्याला टेकला होता. "अजून थोडं घासलं असतं तर ह्या कडीने नुसतं धरलं नसतं," त्या म्हणाल्या. "सोडलंच नसतं." त्यांनी वायर बदलली, स्क्रू आखूड घातला, तीन पिनांचा प्लग लावला आणि गळतीचं बटण पेटाऱ्याच्या आतही बसवलं. मामाने न सांगता त्यांच्यासाठी टॉर्च धरला. दोन तास, एक शब्द न बोलता. त्याच्या आयुष्यातला तो उच्चांक असावा.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला मावशी अंगणात आली तेव्हा टाचणी पायरीवर बसलेली होती. मावशीने ओल्या मातीत उभं राहून कडीवर हात ठेवला. वाट पाहिली.

"नुसतं गार आहे," ती म्हणाली.

टाचणीने सरकून पायरीवर जागा केली. "मी तुला खिडकीतून बघितलं होतं, मावशी."

"माहीत आहे. पडदा हलला होता." मावशी तिच्या शेजारी बसली. "ओसरीतली वायर काढली की ते जायचे. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. वायर काढल्याशिवाय पेटारा हलणार कसा? म्हणून तारीख पुढे. प्रत्येक वेळी मी म्हणायचे, टायर बघायचेत, पाटे बघायचेत."

"तुला कळलं होतं ते विजेचं आहे?"

"मी इंजिनं उघडून शिकवते पोरांना. कळलं नसेल का?" तिने पायाची माती झटकली. "कळून घ्यायचं नव्हतं. पण मुंगीला धरलं म्हणालात तुम्ही, तेव्हाच मी बोलायला हवं होतं. तीन दिवस गप्प बसले. माझी चूक तुम्ही निस्तरलीत. मोठ्या माणसांनी करायचं काम होतं ते."

तिने स्वतः ओसरीत जाऊन वायर काढली आणि वेटोळं करून पेटाऱ्यात ठेवली.

आठ वाजता पेटारा गाडीला जोडला. मामाने चारही बाजूंनी फिरून मागचे दिवे तपासले, मग वायरमन बाईंना फोन करून पुन्हा तपासले. "झालंच सम..." तो म्हणाला आणि थांबला. "झालं. खरंच झालं."

आता एकच प्रश्न उरला होता, पुढे कोण बसणार. मावशीच्या शेजारची जागा वर्षभर रिकामी होती. तिथे काकांच्या हस्ताक्षरातल्या खुणांचा नकाशा पडलेला असायचा, आणि त्यावर कुणी पिशवीही ठेवत नसे. मुली न बोलता मागे चढल्या. घोरपडही मागचं दार उघडू लागला.

"तू नाही. तू इकडे," मावशी म्हणाली. तिने नकाशा उचलला आणि त्याच्या हातात दिला. "रस्ता चुकला की लगेच सांगायचं. मी रागावले तरी सांगायचं. स्वतःच्या बापाला सांगितलंस ना, तसंच."

घोरपडीने फाटकाशी उभ्या असलेल्या मामाकडे पाहिलं. मामाने डोळे पुसत मान डोलावली.

"डावीकडे," घोरपड नकाशा उलगडत म्हणाला, आणि मावशीने गाडी डावीकडे घेतली.