संगमाहून आलेला पाय

मी थापाड्या आहे, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगतो, यात माझी एकही थाप नाही.

असती, तर गोष्ट रात्रीची केली असती. दोन-चार वटवाघळंही सोडली असती.

ही भर दुपारची आहे. गेल्या आषाढातला एक रविवार. म्हैसूरमधलं आमचं घर.

माझी सून सहना थेरपिस्ट आहे. हात किंवा पाय गमावलेल्यांना नव्या अवयवाची सवय करून देते. रविवारी लहान मुलं घरीच येतात, पुढच्या खोलीत. तिथे तिचा एकच कडक नियम. गेलेल्या अवयवाबद्दल मुलाशी खोटं बोलायचं नाही.

मला तर त्या खोलीत तोंड उघडायचीच बंदी!

सरगूरची वर्षिणी आठ वर्षांची. ट्रॅक्टरखाली डावा पाय गेला, गुडघ्याखालून. पहिल्या दिवशी ती इतकी रडली, इतकी रडली... की नियमवाली सहनाच विरघळली.

"रडू नको पुट्टी. तुझा पाय टी. नरसीपूरला गेलाय. संगमावर अंघोळ करून येईल हं."

पोर गप्प झाली. मी खुर्चीत हसलो. खोटं बोलायचं खातं माझं, आणि बाईसाहेबांनी पहिल्याच फटक्यात मला मागे टाकलं!

हसू फार टिकलं नाही.

नवा पाय तयार होऊन आला. वर्षिणी तो लावू देईना.

"हा इथं बसला, तर माझा पाय आल्यावर कुठं बसणार?"

दर रविवारी तेच. इकडे तिचा गुडघा वाकल्या जागी आखडत चालला.

"मामा, असंच चाललं तर तिला कधीच नीट चालता येणार नाही," सहना मला म्हणाली. "माझ्यामुळे."

पोरीची आई जयवंती येताच हात जोडायची. सहनाला तिच्याकडे बघवत नसे.

त्या रविवारी तिने ठरवलं, आज खरं सांगायचं.

मायलेकी येऊन बसल्या, तोच लाइट गेली. पंखा थांबला.

आणि व्हरांड्यात...

थप.

मग थोडं थांबून... थप.

एका पायावर उड्या मारत कुणी यावं, तसं.

मी बाहेर डोकावलो. कुणी नाही. अंगण कोरडं ठाक. पण लाल कोब्यावर पावलं उमटली होती. लहान. ओली. सगळी डावी.

फाटकापासून... खोलीच्या उंबऱ्यापर्यंत.

सहनाने डोळे वटारले. "मामा! सुम्ने, उगाच चेष्टा नको. तुमचीच ना ही करणी?"

"देवाशपथ नाही गं!"

आयुष्यात कधी नव्हे ते खरं बोललो, तर कुणाचा विश्वास बसेना.

जयवंती वाकली. ठशात नदीची वाळू होती. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

"अय्यो... आमच्या पोरीचंच पाऊल ओ हे!"

वर्षिणी मात्र हसत होती. उंबऱ्याकडे बघत ती खुर्चीत जराशी सरकली...

जागा केली.

तरी सहनाने पोरीपुढे गुडघे टेकले, तिचे हात धरले.

"वर्षू, मी खोटं बोलले. तुझा पाय गेला, राजा. तो कधीच येणार नाही."



वर्षिणीचं हसू गेलं. हळूच म्हणाली,

"आँटी... त्याच्यासमोर कशाला सांगितलंत?"

थप.

या वेळी हलका, दूर जाणारा आवाज.

आम्ही बाहेर आलो, तर ठशांची दुसरी ओळ फाटकाकडे गेलेली. येतानाची पावलं ठसठशीत होती. जातानाची नुसत्या बोटांची. टाच टेकलीच नव्हती. अपमान झालेला पाहुणा अंग चोरून निघून जावा, तशी.

वर्षिणीने नवा पाय लावला. न रडता. आता ती त्यावर शाळेत जाते. सहनाच्या सेंटरमध्ये तिचं कौतुक झालं. त्या दिवशी ती घरी आली आणि जेवली नाही.

लोक विचारतात, कोण होतं ते? मला ठाऊक नाही. मला त्याची भीतीही वाटत नाही.

पण आम्हीच बोलावलं होतं हो. बिचारं इतक्या लांबून उड्या मारत आलं...

आता पुन्हा आषाढ लागलाय. दुपारी घर शांत झालं की सहना पुढचं दार लावून घेते. ती आत गेली की मी ते हळूच उघडतो.

बाहेर कुणी नसतं...

त्याला तोंड दाखवावं लागत नाही, म्हणून मला हायसं वाटतं.

आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटते.