पालकाची सही

बसा हो, चहा सांगितलाय. सानवीच्या ॲडमिशनचं विचारता ना? सांगतो.

सानवी माझ्या मेव्हणीची, निरुपमाची मुलगी. जळगावहून एम.एस्सी.साठी बडोद्याला आली. राहणार आमच्याकडेच, सुभानपुऱ्यात. कॉलेज सुरू व्हायच्या आधी कामं तीनच. फोटो, डॉक्टरचा दाखला आणि शेवटच्या तारखेला पाचच्या आत मूळ कागदपत्रं दाखवून सीट पक्की करणं. ते चुकलं की वर्ष गेलं. चार दिवस नुसते हेलपाटे! कुठे सर्व्हर डाऊन, कुठे साहेब जेवायला, कुठे झेरॉक्सची झेरॉक्स हवी. घडियाळी पोळाच्या गल्लीतलं माझं भांड्यांचं दुकान बंद, गिऱ्हाईक शेजारच्याकडे, आणि मी रांगेत घाम पुसतोय.

शेवटच्या दिवशी स्टुडिओत गेलो, तर फोटोवाला हसला. "बेन तो हमणां ज लई गयां!" ताई आत्ताच घेऊन गेल्या म्हणे. उरलेलं एक पाकीट त्याने पुढे केलं. फोटो सानवीचेच.

"काका, मी तर सकाळपासून तुमच्याबरोबर आहे."

"असू दे गं. काम झालं ना?"

मी शाळेत फारसा गेलो नाही, जे शिकलो ते गल्ल्यावर बसून. एकदा राजकोटहून वाढायच्या डावांचं एक खोकं जास्तीचं आलं. चार दिवस वाट पाहिली आणि विकून टाकले. कोणी विचारायला आलं नाही. तीच सवय.

दवाखान्यात कंपाउंडरने दाखला तयारच हातात ठेवला. आतून डॉक्टर म्हणाले, "मघाशी सांगायचं राहिलं, मुलीचे हात फार गार आहेत. रक्त तपासून घ्या."

बाहेर जूनचं ऊन. माझ्या मुठीत सानवीचा तळहात तव्यासारखा तापला होता.

"काका... घरी जाऊ या."

"आणि सीट? तुझी आई मला सोडेल का? चल!"

डिपार्टमेंटला पोचेपर्यंत पाच वाजत आले. व्हरांडा रिकामा. फॉर्मॅलिनचा उग्र वास आणि एका ट्यूबलाइटची गुणगुण. सानवी फाईल छातीशी धरून बाकावर बसली.

"इथून हलू नकोस," म्हटलं आणि आत गेलो.

कारकूनबाईंनी मान वर केली नाही. "सानवी? तपासणी थई गई, काका. कागद जमा आहेत. फक्त पालकाची सही बाकी."

"अहो, मूळ कागद तर बाहेर तिच्या..."

"पाचला रजिस्टर बंद होईल हं."

मी तरी काय करणार? चौकशी करत बसलो असतो तर सीट गेली असती. इतके दिवस पाय झिजवले होते, वैतागलो होतो. केली सही. कागदावरून पेन उचललं, तसा पाठीमागे कोणीतरी सुस्कारा सोडला... दमलेलं माणूस घरी पोचल्यावर सोडतं तसा.

बाहेर आलो. बाकावर नुसती फाईल. सानवी जिन्याच्या तोंडाशी उभी, हसत.

"झालं ना काका? चला."

"अगं, ही फाईल?"

"आता ती कशाला?"

जिना उतरताना तिने माझा हात धरला. हात गार लागला, तसाच धरून मी खाली उतरलो.

पोरगी आता वर्गात पहिली. घरात सांगायच्या आधी काम हजर. माझी बायको मंदा तर तिला नावाजताना थकत नाही. दिवाळीत निरुपमा आली. सानवी पाया पडली, ताट वाढलं, समोर बसून आग्रह करकरून आईला जेवू घातलं. निरुपमा तिच्याकडे बघत जेवली. सानवी पाणी आणायला आत गेली, तशी ती माझ्याकडे झुकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"भाऊजी, मुलगी गुणी आहे हो... पण आमची सानवी कधी येणार?"