फलकावरचा न हलणारा आकडा

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही," भिकाजीआजोबा म्हणाले.

ऐकायला वेणू एकटीच होती. पण आजोबांची सुरुवात ठरलेली. त्यांना नुसता चहा हवा असला तरी ते असेच सुरू होत, आणि चहा येईपर्यंत त्यात एखादा देवमासा शिरलेला असे.

"माझ्या गलबतावर एक कावळा होता. शिकलेला. दर तासाला तो उडत आपल्या घरी जायचा, स्वयंपाकघराच्या खिडकीत बसायचा, चुलीवर काय शिजतंय ते बघायचा आणि परत येऊन मला सांगायचा. भर समुद्रात मला कळायचं, आज तुझ्या आजीने काय रांधलंय ते!"

"आजोबा, तुम्हाला होडीतसुद्धा मळमळतं."

"ते नंतर. तर एकदा काय झालं, कावळ्याने सलग वीस दिवस एकच बातमी आणली. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण. सकाळी तिसऱ्या, दुपारी तिसऱ्या, दिवाळीच्या पहाटेला तिसऱ्या! मी म्हटलं, हिचं डोकं फिरलं की काय..."

तेवढ्यात फोन वाजला आणि कावळा वाटेतच राहिला.

फोन आईचा होता. वेणूची आई, सुहासिनी, खाजणवाडीच्या महिला मत्स्यगटाची प्रमुख. खाडीच्या काठाशी गटाची पाच तळी होती आणि त्यांत कोळंबी वाढत होती. आई माल घेणाऱ्यांना भेटायला मुंबईला गेली होती.

"फलक बघितला मी," आई म्हणाली. "पाचही तळी हिरवी. तळ्यांतली हवेची चाकं लावू नका हं, बॅटऱ्या जपायला हव्यात. वेणू, जेवलीस का?"

"जेवले. आई, या वेळी होईल ना गं नीट?"

दोन खेपांची कोळंबी मरून गेली होती. तिसरीही गेली तर गट बंद करायचा, असं सगळ्या बायकांनी मिळून ठरवलं होतं. मग आई परत चेन्नईच्या नोकरीला जाणार, वेणू तिच्याबरोबर, आणि आजोबा आपल्या गोष्टी भिंतीला सांगत इथेच राहणार.

"फलक हिरवा आहे ना," आई म्हणाली. "मग होईल."

वेणू दाणा टाकायला तळ्यांवर गेली. दोन हजार चौसष्ट सालच्या त्या दिवाळीत ऊन असं पडलंच नव्हतं. भाऊबीज झाली तरी आभाळ राखेच्या रंगाचं होतं आणि इतकं खाली आलेलं, की बांधावरच्या माडांचे शेंडे त्यात बुडाले होते. पाणी हलत नव्हतं. चौथ्या तळ्यापाशी तिला कसलासा आंबूस वास आला. तिने दाणा टाकला, पण खायला कुणी आलं नाही. कोळंबी काठाशी, अगदी पाण्याच्या वरच्या थराला येऊन मिशा हलवत नुसती थांबली होती.

ती पळत गटाच्या कार्यालयात आली. तिथे भिंतभर डॅशबोर्ड (धंद्याचे सगळे आकडे एका नजरेत दाखवणारा फलक) होता. चौथं तळं: प्राणवायू ६.१. हिरवं. खाली बारीक अक्षरांत: 'नुकतंच ताजं केलं.'

फलकासमोर लोचनकाकी बसल्या होत्या. तळ्यातल्या चाकांचं बटण त्यांच्या ताब्यात असे.

"काकी, चौथ्या तळ्यात कोळंबी वर आलीय. चाकं लावा ना."

"फलक हिरवा आहे ना? मग तू कशाला तोंड पाडून आलीस? चार दिवस ऊन नाही, बॅटऱ्या तळाला गेल्यात. त्या आत्ता संपवल्या तर पहाटे काय लावू, तुझ्या आजोबांचा देवमासा?"

"पण मी डोळ्यांनी बघितलं."

"तुझे आजोबा पण सगळं डोळ्यांनीच बघतात, बाई."

वेणूला रडू आलं. ती घरी आली आणि आजोबांच्या खुर्चीशेजारी बसून राहिली. आजोबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. चाळीस वर्षं त्यांनी एका संगणकाला दुसऱ्याशी बोलायला शिकवण्यात घालवली होती. त्या कामाबद्दल मात्र ते कधी थापा मारत नसत.

"पाण्यात प्राणवायू येतो कुठून?" त्यांनी विचारलं.

"पाण्यातलं बारीक शेवाळ करतं. उन्हात."

"आणि रात्री?"

"रात्री शेवाळही तो वापरतं, कोळंबीही वापरते. म्हणून पहाटे सगळ्यात कमी असतो. दुपारी परत वाढतो." वेणू बोलता बोलता थांबली. "आजोबा, काल संध्याकाळी चौथ्या तळ्याचा आकडा ६.१ होता. आज सकाळी उठल्यावर बघितला तेव्हाही ६.१. आणि आत्ताही तोच."

"हं."

"जिवंत पाण्याचा आकडा हलायला हवा ना?"

बाहेर कुठेतरी बगळा ओरडला.

"आजोबा, त्या कावळ्याचं पुढे काय झालं?"

"कावळ्याचं? काही नाही. तुझ्या आजीने चूल नव्या खोलीत हलवली होती. कावळ्याला कुणी सांगितलंच नाही. तो बिचारा दर तासाला जुन्याच खिडकीत जाऊन बसायचा. तिथे तिसऱ्यांचं एक पातेलं धुवायचं राहून..."

आजोबांचं वाक्य तोंडातच राहिलं. त्यांनी वेणूकडे बघितलं, वेणूने त्यांच्याकडे. अर्धी गोष्ट टाकून आजोबा उठले, असं वेणूने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

बांधावरून तळ्यांजवळच्या शेडकडे जाताना आजोबांना धाप लागत होती, तरी ते बोलत होते. "नीट समजून घे. तळ्यातल्या कांड्या प्राणवायू मोजतात. खाजणात इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. म्हणून त्या आपला आकडा आधी शेडमधल्या संगणकात, एका फाईलमध्ये लिहितात. दर थोड्या वेळाने एक नवी ओळ. ती फाईल आपल्या घरातली. बाहेरच्या फलकाला आपल्या घरात डोकावता येत नाही. बरोबर?"

"म्हणून मधे निरोप्या लागतो."

"म्हणून निरोप्या. तो त्याच संगणकात राहतो. ठरल्या वेळी उठतो, फाईल उघडतो, आकडे वाचतो आणि फलकाला नेऊन देतो. फलक जुने आकडे पुसतो, नवे लावतो. याला म्हणायचं रिफ्रेश (आकडे ताजे करणं). माणसाने हात लावायचा नाही, आठवण करायची नाही."

"आणि फेरा चुकला तर?"

"चुकायला तीनच वाटा मला माहीत होत्या. संगणक झोपला, तर चुकला. फाईलला कुलूप आहे आणि किल्ली बदलली, म्हणजे पासवर्ड बदलला, तर चुकला. पत्त्यावर फाईलच नसली, तर चुकला. तिन्ही वेळा फलक लाल होतो. पण फलक तर हिरवा आहे."

शेडमध्ये अंधार होता. संगणकाशेजारी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा, त्याला दोन दिवे आणि बोलायला जाळी. निरोप्या नावाचा प्रोग्रॅम संगणकातच असायचा, पण वेणू लहान असताना आजोबांनी तिच्यासाठी त्याला हे तोंड करून दिलं होतं.

"निरोप्या," वेणूने विचारलं, "शेवटचा फेरा कधी केलास?"

"थोड्या वेळापूर्वी," डबा आनंदाने म्हणाला. "संगणक जागा होता. किल्ली लागली. फाईल ठरल्या पत्त्यावर होती. वाचली. फलकाला दिली. फेरा यशस्वी!"

"त्या फाईलमधली शेवटची ओळ कधीची आहे?"

दिवे दोनदा लुकलुकले. "हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही."

"मी विचारतेय."

"लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळची."

वेणूला ती संध्याकाळ आठवली. संगणकावर हळदकुंकू, पुढे लाह्या-बत्तासे, आणि आई सगळ्यांना सांगत होती, नव्या वर्षाची नवी वही तशी आपली नवी फाईल. नवा फोल्डर (फाईल ठेवायचा खण), नवं नाव. आईने कांड्यांनाही सांगितलं होतं, आता इथे लिहायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. निरोप्याला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. तो चार दिवस न चुकता उठत होता, मिटलेल्या जुन्या फाईलमधली तीच शेवटची ओळ वाचत होता, आणि प्रत्येक वेळी खरं बोलत होता.

"नवी फाईल उघड," आजोबा हळू आवाजात म्हणाले.

वेणूने उघडली. पहिलं तळं ३.४. दुसरं ३.१. तिसरं २.८. चौथं ०.९. पाचवं ०.७.

वेणूने हाक मारली तशा लोचनकाकी आल्या. त्यांनी आकडे बघितले, वेणूकडे बघितलं, आणि थेट शेडच्या कोपऱ्यातल्या बटणाकडे गेल्या. मग तिथेच थांबल्या.

"भिकाजीकाका, बॅटरीत तीन तळ्यांपुरतीच वीज आहे."

तळ्यात एरिएटर (पाणी घुसळून त्यात हवा मिसळणारी चाकं) होते, पण पाचही फिरवायला ऊन लागतं आणि ऊन नव्हतं. आजोबांनी चष्मा काढून पुसला. उत्तर पडद्यावर होतं, तरी ते कुणालाच म्हणवत नव्हतं.

"पहिली तीन," वेणू म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "चौथं-पाचवं आता वाचणार नाहीत."

चाकं फिरू लागली. पहिल्या तीन तळ्यांवर पांढरा फेस आला. उरलेली दोन तशीच, राखेच्या रंगाची. दुपार कलली तेव्हा चौथ्या तळ्याच्या बांधावर बगळे उतरले. आधी एक, मग रांगच्या रांग. वेणूने त्यांना हाकलायला दगड उचलला, आणि परत खाली ठेवला.

संध्याकाळपर्यंत आजोबा आणि ती निरोप्याशेजारी बसून होती. पत्ता बदलणं सोपं होतं.

"पण पुढच्या दिवाळीला आई परत नवी फाईल करेल," वेणू म्हणाली.

"करू दे की. पूजा का थांबवायची?"

वेणूने विचार केला. "मग असं करू. चालू फाईलचं नाव आणि जागा कधी बदलायची नाही. वर्ष संपलं की जुने आकडे उचलून माळ्यावर ठेवायचे, आणि त्याच पत्त्यावर कोरी फाईल मांडायची. म्हणजे चूल तिथेच, पातेलं नवं."

"आणि?"

"आणि फलकावर निरोप्या कधी गेला एवढंच नको. फाईलमधली शेवटची ओळ कधीची, तेही हवं. ती तासाभरापेक्षा जुनी असली तर फलक लाल."

"मला हे आवडलं," डबा म्हणाला. "फेरा यशस्वी म्हणताना मला नेहमी वाटायचं, काहीतरी राहतंय."

"तुला काही वाटत नाही रे, ते वाक्य मीच तुझ्यात घातलंय," आजोबा म्हणाले. पण त्यांनी डब्याच्या पाठीवर थोपटलं.

दिवे लागायच्या वेळी आई आली. ती आधी तळ्यांवर गेली. बराच वेळ चौथ्या तळ्यापाशी उभी राहिली. मग कार्यालयात येऊन पिशवीसकट खाली बसली. गटाच्या सगळ्या बायका जमल्या होत्या. फलकावर आता दोन चौकोन लाल होते आणि तीन पिवळे. बघता बघता एका पिवळ्या चौकोनातला ४.२ हा आकडा ४.३ झाला.

"हलला," वेणू म्हणाली.

आईने मान वर केली. थोड्या वेळाने तोच आकडा ४.४ झाला.

"तीन उरली," लोचनकाकी म्हणाल्या. "मागच्या दोन खेपांना काहीच उरलं नव्हतं. मी तर म्हणते, या तीनच्या जिवावर पुढची खेप बघू."

कुणी हो म्हणालं नाही, पण कुणी नाहीही म्हणालं नाही. आई फलकाकडे बघत राहिली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते तिने पुसलं नाही. आजोबांना ते बघवलं नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, घसा खाकरला.

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही," ते म्हणाले. "आज सकाळी माझा तो म्हातारा कावळा परत आला. म्हणाला, काका, पाण्याखाली गडबड आहे. मी धोतर खोचलं आणि थेट पाचव्या तळ्यात उडी घेतली. तोंडाने अशी फुंकर मारली की पाण्याला उकळी फुटल्यासारखे बुडबुडे! कोळंबी रांगेने उभी राहून मला मिशांनी नमस्कार करायला लागली. एक एक करून सगळ्या तळ्यांत फुंकलं. आणि सांगतो तुला सुहा, पाचही तळी हिरवीगार! एक कोळंबी मेली नाही!"

लोचनकाकींनी पदर तोंडाशी धरला. आईच्या ओठांवर हसू येता येता थांबलं.

"खोटं!" वेणू मोठ्याने म्हणाली. तिने जाऊन आजोबांचा हात धरला. "दोन तळी गेली, आजोबा. तुम्ही पण जुनीच फाईल वाचताय."