गाळलेली जागा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, तेही तोंडी. ही गोष्ट मी कागदावर कधीच उतरवणार नाही.

मी कथा लिहायचो ती शेवटाकडून. शेवटचं पान आधी, मग मागे मागे सरकत सुरुवातीपर्यंत. मरणारं माणूस कोण, हे मलाच आधी ठाऊक नसायचं. म्हणून त्या पानावर त्याच्या जागी नुसती रेघ मारून ठेवायचो. माझ्या अखेरच्या कथेचं शेवटचं वाक्य असं होतं: ‘—— स्टुलावर चढली, माळ्यावरचा डबा ओढला आणि तोल जाऊन पडली ती पुन्हा उठलीच नाही.’ ताई या रेघांना शाळेतल्या गाळलेल्या जागा म्हणायची. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. घरात आम्ही दोघंच. माझ्या कथेची एक ओळही तिने कधी वाचली नाही. घरात निदान एक माणूस शहाणं हवं, असं तिचं म्हणणं.

त्या दिवशी दुपारी टाइप झालेली पानं आणायला मी टायपिस्टबाईंकडे गेलो. बावीस वर्षं माझं सगळं लेखन त्यांच्याच हातून गेलं होतं. कित्येकदा मी खुर्चीमागे फेऱ्या मारत सांगायचो आणि त्या माझ्याकडे न बघता टाइप करत राहायच्या. खोलीत शाईच्या फितीचा वास होता. खाली रस्त्यावर कुणीतरी उगाचच सायकलची घंटी वाजवत होतं.

पानं चाळताना लक्षात आलं, की मी घाईत शेवटचं पानही गठ्ठ्यात देऊन बसलो होतो. आणि रेघ गायब होती. तिच्या जागी टाइप केलं होतं, ‘निळी शाल पांघरलेली थोरली बहीण’.

“बाई, हे कुणी भरलं?”

“तुम्हीच सांगितलंत की. सकाळी फोन नाही का केलात?”

“मी फोन केला नाही.”

“आता तुमचा आवाज मला कळत नाही होय?” त्या हसल्या. “शालीचा रंगसुद्धा दोनदा सांगितलात.”

ताईची शाल निळीच आहे. योगायोग, योगायोग, असं मनाशी म्हणतच मी टेबलावरच्या फोनवरून घरचा नंबर फिरवला. बराच वेळ तो वाजत राहिला.

“ताई, काय करतेयस?”

“काय करतेय म्हणजे? तूच तर...” ती थांबली. “अरे, तू फोनवर कसा? आत्ता आतल्या खोलीतून हाक मारलीस ना, माळ्यावरचा डबा काढून दे म्हणून. मी स्टूल लावलंच होतं.”

“मी बाईंकडे आहे, ताई.”

ती अगदी दबक्या आवाजात म्हणाली, “मग आत... कोण आहे?”

“बाहेर पड. चपलासुद्धा घालू नकोस. शेजारी जाऊन बस आणि मी येईपर्यंत हलू नकोस.”

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं, कडी, आणि दार. माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, मला रडूच आलं.

मी फोन ठेवणार, तोच पलीकडे कुणीतरी रिसीव्हर उचलला.

“बिघडवलास ना शेवट,” माझाच आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता. वाक्य मनासारखं जमलं नाही की मी बोलतो, तसा तो कंटाळलेला होता. “आता दुसरं कुणीतरी बघायला हवं... बाई, कागद चढवा.”

बाईंना ते ऐकू गेलं. माझे ओठ मिटलेले होते, पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. बावीस वर्षांची सवय ती. त्यांनी कागद चढवला. मी रिसीव्हर आपटला, फोनची वायर भिंतीतून उपटून काढली. खोलीत कुणीच बोलत नव्हतं. तरी बाईंनी कान दिल्यासारखी मान किंचित वळवली आणि त्यांची बोटं चालू लागली.

“बाई, थांबा.”

“वाक्य पुरं होऊ द्या.”

मी त्यांची मनगटं धरली. साठीची, काडीसारखी बाई, पण ते हात मला आवरेनात. कागदावर उमटणारं एकेक अक्षर त्या वाचत होत्या, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

“अहो... हे तर माझ्याबद्दल आहे,” त्या हळूच म्हणाल्या. बोटं थांबली नाहीत.